राजाचे कुत्रे आणि कुंभारणीची सुरई

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. ज्यांनी मला ती सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून गोष्टीचं काही अडतही नाही.

एका राज्यात एक राजा होता. राजा तसा चांगला होता. प्रजेला छळत नव्हता, आल्यागेल्याचं ऐकून घेत होता. नाद म्हणाल तर त्याला एकच होता, शिकारीचा. त्यासाठी त्याने मोठा शिकारखाना बांधला होता आणि त्यात तीस-चाळीस कुत्रे पाळले होते. उंच, सडपातळ, रुंद छातीचे कुत्रे. धावायला लागले की पाय जमिनीला लागतात की नाही ते कळू नये.

या कुत्र्यांना लहानपणापासून एक शिकवण असे. पिल्लू चालायला लागलं की त्याच्यापुढे मांसाचं ताट ठेवत आणि शिंग वाजेपर्यंत त्याला तोंड लावू देत नसत. जो आधी तोंड लावील तो त्या दिवशी उपाशी. महिन्याभरात पिल्लं शहाणी होत. पोटात कावळे ओरडत असले तरी कान टवकारून शिंगाची वाट बघत बसत. हे अशासाठी, की रानात सावज पडल्यावर कुत्र्यांनी ते फाडू नये. शिंगाचा एक लांब, खालच्या पट्टीतला सूर निघाला की त्यांनी समजायचं, काम संपलं, आता या आणि खा. शिकारखान्याच्या भिंती उंच होत्या, त्यामुळे आतली ही शिस्त बाहेर कुणाला माहीत नव्हती. शिंग मात्र सगळ्यांना माहीत होतं, कारण ते राजाचं होतं. दुसऱ्या कुणी तसं शिंग वाजवलं तर त्याला राज्याच्या हद्दीबाहेर घालवत असत.

आता रीत सांगतो. प्रत्येक राजघराण्यात एखादी तरी रीत अशी असते की ती कुणी पाडली ते कुणाला आठवत नाही आणि मोडायची छातीही कुणाला होत नाही. नगर आणि रान यांच्यामध्ये एक ओढा होता. शिकारीहून परतताना राजाने सगळ्यांत आधी ओढा ओलांडायचा आणि ओलांडल्यावर मागे वळून पाहायचं नाही. मागे पाहिलं तर रान रुसतं, असं म्हणत. राजामागून माणसं, माणसांमागून कुत्रे. जो कुत्रा आपल्या पायांनी ओढा ओलांडील तो राजाचा. ज्याला ओलांडता येणार नाही तो रानाचा. रानडुकराने मांडी फाडलेली असो की दगडावर आपटून पाय मोडलेला असो, तो रानाच्या बाजूलाच राहायचा. शिकारखान्याचा दरोगा घरी जाऊन राजाला सांगायचा, "महाराज, अमका कुत्रा कामी आला." राजा हळहळायचा, दोन घास कमी खायचा आणि दुसऱ्या दिवशी नवं पिल्लू मागवायचा.

ओढ्याच्या अलीकडे, म्हणजे रानाच्या बाजूला, एक कुंभार आणि कुंभारीण राहत. तिथली माती चिकण आणि चांगली होती म्हणून त्यांच्या वाडवडिलांनी तिथेच चाक मांडलं होतं. दोघांची वयं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दोन गाढवं होती, मडकी भाजायचा एक आवा होता आणि दिवसभर एकमेकांशी वाद घालायला दोन तोंडं होती. त्यामुळे घर कधी रिकामं वाटत नसे.

एका सकाळी कुंभारीण गाढव घेऊन माती आणायला ओढ्यावर गेली. माती भरून निघताना तिला काठाच्या बोरीखाली एक कुत्रा पडलेला दिसला. भला थोरला, पिवळसर तांबूस रंगाचा. मागच्या उजव्या मांडीला वीतभर जखम होती आणि तिच्यावर माशा बसल्या होत्या. कुत्रा ओढ्यापलीकडे बघत होता. ती जवळ गेली तरी त्याने मान वळवली नाही.

कुंभारणीने गाढवावरची माती खाली ओतली आणि कुत्र्याला वर चढवलं. गाढवावर बसणं म्हणजे धिंड, असं आपण माणसं समजतो. पण त्या कुत्र्याला त्या दिवशी गाढवाइतकं मोठ्या मनाचं दुसरं वाहन मिळालं नसतं. राजाचे घोडे तर केव्हाच ओढा ओलांडून गेले होते.

कुंभार अंगणात बसून मडकं थोपटत होता. गाढवावर मातीऐवजी कुत्रा आलेला पाहून त्याने थापटणं खाली ठेवलं. हा राजाचा कुत्रा आहे, रानाला दिलेला आहे, रानाचं आपण घेतलं तर आपल्यावर काही बालंट येईल, असं तो बरंच बोलला. कुंभारणीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला पाणी तापवायला सांगितलं. तो पाणी तापवता तापवता उरलेलं बोलला.

तिने कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुतली, हळद भरली, कडेच्या सुजेवर चिकणमातीचा गार लेप दिला. कुत्र्याची छाती रांजणासारखी होती, म्हणून तिने त्याचं नाव रांजण ठेवलं. मग आव्याजवळच्या ऊबदार राखेत त्याची जागा केली आणि त्याच्यापुढे मातीच्या परळात दूधभाकरी कुस्करून ठेवली.

रांजणाने भाकरीकडे पाहिलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. पण त्याने तोंड लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ताकभात दिला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीवरून मटणाचा रस्सा मागून आणला. कुत्रा लाळ गाळत बघत राही आणि खात मात्र नसे. वाडीवरल्या बायका म्हणाल्या, याला दृष्ट लागली. तिने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. एक जण म्हणाला, राजाघरचा कुत्रा आहे, मातीच्या भांड्यात खायचा नाही. तिने घरातली एकुलती पितळी घासून त्यात वाढलं. रांजणाने पितळीकडे पाहिलं आणि पुढच्या पायांवर हनुवटी टेकली. त्याच्या बरगड्या आता मोजता येत होत्या. जखम सुकत चालली होती आणि कुत्रा मरत चालला होता. कुंभारणीला रडू आलं. आपल्या हाताला यश नाही असं तिला वाटलं, आणि तिने तसं नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

त्या दिवशी कुंभाराने आवा उघडला होता. भाजलेली भांडी तो एकेक काढत होता, बोटाच्या पेराने वाजवून बघत होता. लांब मानेची एक सुरई निघाली. तिच्यात राख गेली होती. राख उडवायला म्हणून त्याने सुरईच्या तोंडाला ओठ लावून जोराने फुंकर मारली. सुरईतून एक लांब, खालच्या पट्टीतला सूर निघाला.

रांजण ताडकन उठला. तीन पायांवर उभा राहिला आणि पितळीत तोंड घालून त्याने सगळा रस्सा संपवला. पितळी चाटून लख्ख केली. मग ती पालथी करून खालूनही चाटली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. कुंभाराने खात्री करायला पुन्हा फुंकलं. कुत्र्याने कान टवकारून रिकाम्या पितळीकडे पाहिलं. तेव्हा म्हातारीला सगळा उलगडा झाला. "अवो, ह्याला भूक लागत न्हाई आसं न्हाई," ती म्हणाली. "ह्याला कुणी 'खा' म्हनलं न्हाई."

इथून पुढे रोज दोन वेळा कुंभाराच्या अंगणात सुरई वाजू लागली. कुंभाराला फार भीती वाटे. हा सूर राजाचा, कुणी ऐकलं तर आपल्याला देशोधडीला लावतील, हा आवा, ही माती, सगळं सुटेल, असं तो रोज म्हणे. कुंभारीण म्हणे, शिंग ते शिंग आणि सुरई ती सुरई, सुरई फुंकू नये असा काही राजाचा हुकूम नाही. बोलण्यात ती हार जाणारी नव्हती, पण भीती तिलाही होती. म्हणून ती अगदी हळू फुंकायची.

जखम भरल्यावर रांजणाला चालवायचं होतं. कडक जमिनीवर पाय टेकला की तो कळवळायचा. मग कुंभारीण त्याला चिखलाच्या खड्ड्यात घेऊन जायची. चाकासाठी माती पायांनी तुडवावी लागते. ती पुढे तुडवायची आणि रांजण मागे मागे तुडवायचा. मऊ मातीत पाय दुखत नसे. दोन महिन्यांत तो चार पायांवर चालू लागला, थोडा लंगडत, पण चालू लागला. मडक्यांत कुत्र्याचे केस येतात म्हणून कुंभार कुरकुरला. तुमच्या मातीत घोड्याची लीद चालते ती कशी, असं तिने विचारल्यावर तो हसला.

पुढच्या शिकारीनंतर ओढ्यावर आणखी दोन कुत्रे सापडले. त्यानंतर एक, मग पुन्हा दोन. कुंभारणीने सगळ्यांची नावं आपल्या भांड्यांवरून ठेवली. मोगा, सुगड, परळ, वेळणी, बुडकुली. कुंभारणीच्या घरातला किडा कुंभारणीचा, म्हणतात ना, तसं ते कुत्रे कुंभारणीचे झाले. त्यांना ससा दिसला तर ते अजून उठून उभे राहत, पण मग चिखल तुडवून दमलेले असल्यामुळे पुन्हा बसत.

एक गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती. जीव भुकेला आहे आणि समोर अन्न आहे, तर मध्ये सुरई कशाला हवी? ती रोज आदल्या दिवसापेक्षा हळू फुंकू लागली. मग नुसती सुरई तोंडाशी नेऊन खाली ठेवू लागली. मग नुसतं "खा रं बाळा" म्हणू लागली. एकेकाला चार चार महिने लागले. रांजणाला सर्वांत जास्त लागले. पण एके दिवशी तिची पाठ वळलेली असताना रांजणाने गुपचूप भाकरी खाऊन टाकली, आणि तिने वाडीभर गूळ वाटला. कुत्र्याने न विचारता भाकरी खाल्ली म्हणून गूळ वाटणारी बाई त्या वाडीने पहिल्यांदाच पाहिली.

वर्ष सरलं. शिकारीचा मोसम पुन्हा आला. पहिल्या शिकारीनंतर एक काळी कुत्री सापडली, अंगाने पणतीएवढी, पुढचा पाय मोडलेली. तिचं नाव अर्थातच पणती. कुंभारणीने तिच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. पणती नवी होती. सुरई वाजल्याशिवाय ती खात नसे.

आठ दिवसांनी राजा पुन्हा शिकारीला आला आणि या वेळी त्याचा तळ ओढ्याच्या जवळच पडला. तीन दिवस तो हलणार नव्हता. कुंभाराने सुरई उचलली आणि गवताच्या गंजीत लपवली. तीन दिवस कुत्री उपाशी राहील, त्यात काही मरत नाही, असं त्याने बायकोला सांगितलं. वारा रानाकडे वाहत होता, त्यामुळे राजाचं शिंग अंगणात ऐकू येत नव्हतं. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी पणतीने मान टाकली. तिच्यापुढे दुधाचं परळ होतं आणि ती त्या दुधाकडे बघत होती.

कुंभारीण गंजीपाशी गेली. तिने गवत उपसलं आणि सुरई काढली. नवरा आडवा आला नाही. त्याने एवढंच विचारलं की हद्दपार झालो तर जायचं कुठे. तिलाही ते माहीत नव्हतं. तिने सुरई ओठांना लावली. पणतीला आता हळू ऐकू येत नव्हतं, म्हणून तिला जोराने फुंकावं लागलं.

पणती दूध प्यायली. इथपर्यंत ठीक झालं.

पण त्याच वेळी रानात राजाचे तीस कुत्रे एका रानडुकराच्या मागे लागले होते. डुक्कर दमलं होतं, राजाने भाला उचलला होता, आणि तेवढ्यात वाऱ्यावरून तो सूर आला. काम संपलं, या आणि खा. तीसच्या तीस कुत्रे जागच्या जागी वळले आणि आले त्या वेगाने उलटे धावले. राजा भाला उचलून उभाच राहिला. डुकरानेही क्षणभर मागे वळून पाहिलं म्हणतात. मग ते आपल्या वाटेने निघून गेलं.

कुंभाराच्या अंगणात तीस कुत्र्यांचा लोंढा घुसला. त्यांनी परळातलं दूध संपवलं, टोपलीतल्या भाकरी संपवल्या, गाढवांचा कोंडासुद्धा चाखून बघितला. पाच-सहा मडकी फुटली. मागून घोड्यांच्या टापा आल्या. राजा आला, दरोगा आला, भालदार आले.

दरोग्याने दरडावून विचारलं की शिंग कुणी वाजवलं. कुंभार पुढे झाला आणि आपण वाजवलं म्हणाला. तीन दिवस जो माणूस घाबरून सुरई लपवत होता तो आज खोटं बोलायला क्षणभरही थांबला नाही. कुंभारणीने त्याला हाताने मागे सारलं आणि सुरई राजापुढे धरली.

राजा रागावलेला होता. पण त्याची नजर सुरईवर नव्हती. आव्याजवळच्या राखेत सात कुत्रे बसले होते आणि त्यांतला एक पिवळसर तांबूस होता. गेल्या साली याच कुत्र्याने राजा आणि डुक्कर यांच्यामध्ये उडी घेतली होती.

"हा तर झुंजार," राजा दरोग्याला म्हणाला. "तू म्हणालास तो कामी आला."

दरोगा वाईट माणूस नव्हता. त्याने खरं ते सांगितलं. "महाराज, ओढ्याअलीकडे राहिला तो मेल्यातच जमा. आपल्या आजोबांच्याही आधीपासून तशीच रीत आहे."

राजाने कमरेचं शिंग काढलं आणि तोच लांब सूर वाजवला. तीस कुत्रे धावत येऊन त्याच्याभोवती उभे राहिले. रांजणाने कान हलवले. तो जागचा उठला नाही.

"मला ओळखत नाही का हा?" राजाने विचारलं.

"वळखतो की, म्हाराज," कुंभारीण म्हणाली. "ह्याच शिंगाची वाट बघत वढ्याच्या काठाला पडला व्हता. आता वाट बघायची सवय सुटली त्याची."

राजाने शिंग दरोग्याच्या हातात दिलं आणि तिथेच एका पालथ्या मडक्यावर बसला. मग रांजण उठला, अंग झाडून लंगडत लंगडत आला आणि त्याने राजाचा हात हुंगला. हाताला शिंगाचा वास असेल, घोड्याचा असेल, पण त्याखाली जुना, ओळखीचा वासही असणार. त्याने राजाच्या गुडघ्यावर मान ठेवली. राजाने त्याच्या मांडीवरचा लांब वण पाहिला आणि त्यावरून बोट फिरवलं.

दरोग्याने हळूच शिक्षेची आठवण करून दिली. राजा उठला, घोड्यावर बसला आणि ओढ्याकडे निघाला. शिक्षा सांगितली नाही, माफीही दिली नाही. कुंभाराने त्याचा अर्थ आपल्या परीने घेतला आणि गाढवांवर मडकी लादायला सुरुवात केली. कुंभारीण पणतीला उचलून घेऊन उभी राहिली. सात कुत्रे घेऊन परमुलखात कोण थारा देईल, ते तिला कळेना.

रीतीप्रमाणे राजाने आधी ओढा ओलांडला. मागून माणसं आली, माणसांमागून तीस कुत्रे आले. पाण्याचा आवाज थांबला. आणि तेव्हा राजाला मागून एक भुंकणं ऐकू आलं, एकच, आखूड. तो दचकला. गेल्या सालीही ओढा ओलांडल्यावर त्याने ते ऐकलं होतं. तेव्हा तो रानाचा आवाज असेल असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

राजाने मागे वळून पाहिलं. माणसांनी श्वास रोखला. दरोग्याने डोळे मिटून घेतले. रान काही रुसलं नाही, झाडं होती तशीच उभी होती. रानाकडच्या काठावर बोरीखाली रांजण उभा होता. तो राजाच्या मागे ओढ्यापर्यंत आला होता, आणि पाण्यापाशी थांबला होता.

राजा घोड्यावरून उतरला आणि चालत पाण्यातून परत गेला. कुत्र्याजवळ बसून तो काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. रांजणाने आधी राजाकडे पाहिलं, मग कुंभाराच्या अंगणाकडे पाहिलं. राजाला ते समजलं. तो रांजणाबरोबर त्याच्या चालीने, सावकाश, अंगणापर्यंत आला.

"मडकी उतरवा," राजा कुंभाराला म्हणाला. "शिंग वाजवलं असतं तर शिक्षा होती. ही तर सुरई आहे."

कुंभारणीने नवऱ्याकडे पाहिलं. मी काय म्हणत होते, असं ती त्या दिवशी बोलली नाही. पुढे मात्र जन्मभर बोलली.

त्या दिवसापासून राज्याची रीत बदलली. शिकारीहून परतताना राजा ओढ्याच्या अलीकडे थांबू लागला. सगळी माणसं, सगळे कुत्रे पलीकडे गेले की मग तो पाण्यात पाय घालायचा. ज्याला चालवत नसेल त्याला दरोगा स्वतः उचलून कुंभाराच्या अंगणात पोचवायचा आणि कधी कधी चिखल तुडवायलाही थांबायचा. शिकारखान्यातल्या पिल्लांना ताट वाढलं की ती आता लगेच जेवत. त्यामुळे शिकारी थोड्या कमी साधल्या आणि राजाला त्याचं फारसं दुःख झालं नाही. आठवड्यातून एकदा तो अंगणात येऊन त्याच पालथ्या मडक्यावर बसे. रांजण आपली भाकरी संपवे आणि मग, कुणी न बोलावता, त्याच्या गुडघ्यावर मान ठेवी.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढंच लक्षात ठेवा: मागे राहिलेल्यांसाठी जो थांबतो, त्यालाच पुढे चालायचा मान शोभतो.